विश्लेषण : इंद्रधनुष्यात सातच रंग का? न्यूटनने रंगांना नावे कशी दिली?

बारामती तालुक्यातील कन्हेरी असो वा मुंबईतील दादर, मराठी शाळेत शिकलेला कुणीही ‘तानापिहिनिपाजा’ विसरत नाही. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. यातला पारवा आकाशात नेमका कुठे दिसतो, हे मात्र बहुतेकांना कधीच सापडलेले नसते.

आता रंग दाखवला की त्याचे नाव सांगणाऱ्या वेब सेवा आल्या आहेत. संगणकाच्या पडद्यावर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ छटा तयार होऊ शकतात. वेब पानांच्या प्रमाण यादीत नावे फक्त १४८. काही सेवांची यादी याहून मोठी असते, पण रीत तीच. समोरच्या छटेला सर्वांत जवळचे नाव गणिताने शोधायचे. अशीच एक रीत आयझॅक न्यूटनने १७०४ मध्ये छापली होती.

दाभण आणि लोलक

न्यूटनचा जन्म इंग्लंडमधील वूल्सथॉर्पचा, जुन्या दिनदर्शिकेनुसार २५ डिसेंबर १६४२चा. शेतकरी वडील त्याच्या जन्माआधी तीन महिने वारले. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरे लग्न केले आणि तो आजीकडे वाढला. १६६१ मध्ये तो केंब्रिजला गेला. १६६५ मध्ये प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडले, तेव्हा गावी परतला. याच सुमारास त्याला प्रकाशाने झपाटले. डोळा आणि हाड यांच्या फटीत बोथट दाभण सरकवून दाबल्यावर कोणती रंगीत वलये दिसतात, हेही त्याने पाहिले. (डोळा वाचला. कुणी करून पाहू नये.)

खिडकीच्या झडपेला भोक पाडून आलेला किरण त्याने लोलकातून २२ फुटांवरच्या भिंतीवर पाडला. गोल ठिपक्याऐवजी रुंदीच्या पाचपट लांब रंगीत पट्टा उमटला. लोलक प्रकाशाला रंग चढवतो, असा तेव्हाचा समज. न्यूटनने पट्ट्यातील एकच रंग दुसऱ्या लोलकातून नेला. तो बदलला नाही. म्हणजे रंग पांढऱ्या प्रकाशातच होते, लोलकाने फक्त वेगळे केले. १६७२ मध्ये हे रॉयल सोसायटीपुढे आले आणि रॉबर्ट हूकशी वाद पेटला. ‘ऑप्टिक्स’ हे पुस्तक न्यूटनने बाहेर काढले ते १७०४ मध्ये, हूकच्या मृत्यूनंतरच्या वर्षी.

पाचाचे सात कसे झाले?

भिंतीवरच्या पट्ट्यात कुठेही रेघ नसते. एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो. सुरुवातीच्या व्याख्यानांत न्यूटनने पाचच मुख्य रंग धरले होते : तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. नारिंगी आणि पारवा मागाहून आले, आणि आले ते संगीतातून. सप्तकातील सात अंतरे ज्या प्रमाणात असतात, त्याच प्रमाणात पट्टा विभागलेला त्याला हवा होता. हे दोन नवे रंग अर्ध्या स्वरांच्या अरुंद जागी बसले. सीमारेषा आखताना त्याने एका सहायकाची मदत घेतली, कारण रंग ओळखण्यात त्याची नजर अधिक तीक्ष्ण होती. पुस्तकात त्या सहायकाचे नाव नाही.

छटा अगणित आहेत आणि किरणांना स्वतःचा रंग नसतो, हे न्यूटनला ठाऊक होते. तरीही त्याने सात हा आकडा सोडला नाही.

वर्तुळाचे गणित काय?

मग त्याने पट्टा वाकवून वर्तुळ केले. मिश्रणात जो रंग जितका, तितके वजन परिघावरील त्याच्या जागी ठेवायचे आणि सगळ्यांचा गुरुत्वमध्य काढायचा. तो बिंदू ज्या रंगाच्या दिशेला पडेल, ते मिश्रणाचे नाव. परिघाजवळ पडला तर रंग गडद, मध्याकडे सरकला तर फिकट, बरोबर मध्यावर पडला तर पांढरा. ही रीत काटेकोर नाही, कामापुरती आहे, हे त्याने मान्य केले होते. आजच्या सेवा वर्तुळाऐवजी तीन आकडे घेतात : लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. यादीतील प्रत्येक नावापासूनचे अंतर मोजतात आणि सर्वांत कमी अंतराचे नाव सांगतात.

पारवा नक्की कोणता?

न्यूटनचा शब्द होता इंडिगो, म्हणजे नीळ. भारतातून जहाजांनी युरोपात जाणारा हा रंग. त्याच्या नावातच भारत आहे. मराठीत मात्र नीळ आधीच ‘निळा’मध्ये खर्ची पडलेली. पाठ्यपुस्तकात त्या जागी पारवा बसला. साडीच्या दुकानात पारवा मागितला तर राखाडीकडे झुकणारा निळा पुढे येतो. वेबच्या यादीतील इंडिगो म्हणजे लाल ७५, हिरवा ०, निळा १३०. तो जवळपास वांग्याचा रंग. काही अभ्यासकांच्या मते न्यूटन ज्याला निळा म्हणत होता तो आपला आकाशी असावा, आणि त्याचा इंडिगो म्हणजे आपला साधा निळा. तसे असेल तर पारवा न सापडलेल्या मुलांचे डोळे ठीकच होते.

न्यूटन पुढे टांकसाळीत गेला, १७०३ पासून मृत्यूपर्यंत रॉयल सोसायटीचा अध्यक्ष राहिला आणि मार्च १७२७ मध्ये वारला. वेबच्या १४८ नावांत आज टोमॅटो आहे, सॅल्मन मासा आहे. इंदापूरच्या बागांतली डाळिंबी नाही, अबोली नाही, चिंतामणीही नाही.