एल्मर कीथ

एल्मर मेरिफिल्ड कीथ (जन्म : ८ मार्च १८९९, हार्डिन, मिसूरी; मृत्यू : १४ फेब्रुवारी १९८४) हे अमेरिकन नेमबाज, शिकारी व शस्त्रविषयक लेखक होते. रिव्हॉल्व्हरची काडतुसे हाताने भरण्याच्या छंदाला प्रयोगांची शिस्त लावणाऱ्यांत त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

कीथ यांचे बालपण मुख्यतः मोंटाना राज्यात गेले. वयाच्या बाराव्या वर्षी मिझुला येथील हॉटेलला लागलेल्या आगीत ते गंभीर भाजले व त्यांचा डावा हात वाकडा झाला. वडिलांनी तो पुन्हा मोडून सरळ बसवला. पुढे त्यांनी गुराखी व शिकारीचे वाटाड्या म्हणून काम केले.

हाताने काडतूस भरणे

रत्नागिरीसह कोकणात शेतीसंरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीत दारू व छर्रे नळीच्या तोंडातून भरतात. काडतुसात दारू, गोळी व ठिणगी पाडणारी टोपी या तिन्ही गोष्टी एका पितळी पुंगळीत बसवलेल्या असतात. बार उडाल्यावर पुंगळी शाबूत राहते. तिला पूर्ववत आकार देऊन नवी टोपी, मोजलेली दारू व ओतीव शिशाची गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार होते.

१९२५ चा अपघात

१९२५ मध्ये कीथ यांनी .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरसाठी रायफलची जड गोळी वापरून काडतुसे भरली. दाब सहन न होऊन रिव्हॉल्व्हर हातातच फुटले. कीथ मात्र बचावले. ही चूक त्यांनी ‘अमेरिकन रायफलमन’ या नियतकालिकातून वाचकांपुढे ठेवली. यानंतर ते .४४ स्पेशल या काडतुसाकडे वळले. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांच्या घरांभोवतीची पोलादी भिंत अधिक जाड असे.

कीथ गोळी

१९२८ च्या सुमारास त्यांनी सुमारे २५० ग्रेन, म्हणजे १६ ग्रॅम, वजनाच्या गोळीचा आराखडा केला. तिचे टोक सपाट, कड धारदार व वंगणाची खाच खोल होती. वरच्या खाचेत पुंगळीची कड मुडपली की हादऱ्याने गोळी हलत नसे. शुद्ध शिसे मऊ असल्याने त्याचा थर नळीत साचतो. म्हणून कीथ १६ भाग शिशात १ भाग कथील मिसळत. लायमन कंपनीने या गोळीचा साचा बाजारात आणला. पुढे तयार ओतीव गोळ्या विकणाऱ्या व्यावसायिकांनीही हा आकार स्वीकारला.

मॅग्नम काडतुसे

१९३५ च्या .३५७ मॅग्नमच्या विकासाशी त्यांचा संबंध होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युटामधील ऑग्डेन शस्त्रागारात तपासनीस म्हणून काम केले. अधिक शक्तिशाली .४४ काडतुसाचा आग्रह त्यांनी अनेक वर्षे धरला. अखेर स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन यांनी १९५५-५६ मध्ये .४४ मॅग्नम बाजारात आणले.

लेखन व मूल्यमापन

‘सिक्सगन्स’ (१९५५) हा त्यांचा गाजलेला ग्रंथ होय. १९७३ मध्ये त्यांना ‘आउटस्टँडिंग अमेरिकन हँडगनर’ हा पुरस्कार प्रथमच देण्यात आला. ६०० यार्डांवरून हरणावर रिव्हॉल्व्हरने नेम साधल्याच्या त्यांच्या दाव्यावर अनेकांनी शंका घेतली. .४४ स्पेशलसाठी त्यांनी वापरलेले दारूचे प्रमाण आजच्या मान्य दाबमर्यादेपेक्षा अधिक आहे. त्यामुळे त्यांच्या आराखड्याची गोळी आजही वापरात असली, तरी दारूचे प्रमाण अद्ययावत कोष्टकांवरूनच ठरवले जाते.