पित्तनलिकेतला खडा आणि डॉ. हॅलस्टेड

ऑपरेशन करताना डॉक्टर रबरी हातमोजे घालतात. ही प्रथा रुजवण्यात डॉ. विल्यम हॅलस्टेड यांचा मोठा वाटा. १८५२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या शल्यविशारदाने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यशिक्षणाची घडी बसवली. जंतुनाशकामुळे परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी सोलवटू लागली, म्हणून त्यांनी हे मोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांचे लग्न झाले.

पित्ताच्या खड्यांशी त्यांची गाठ त्याआधीच पडली होती. १८८२ मध्ये आई अत्यवस्थ असताना त्यांनी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर शस्त्रक्रिया करून तिच्या पित्ताशयातले खडे काढले. आई वाचली. १९१९ मध्ये तेच दुखणे त्यांना जडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. १९२२ मध्ये पुन्हा कावीळ झाली. पित्तनलिकेत खडा अडकला होता. शिष्यांनी तो काढला. पण रक्तस्राव झाला, पाठोपाठ न्यूमोनिया झाला आणि ७ सप्टेंबरला ते गेले.

खडा निघूनही असा रुग्ण का दगावतो? पित्त आतड्यात न उतरल्यास ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त नीट गोठत नाही. हॅलस्टेड यांच्या हयातीत या जीवनसत्त्वाचा शोधही लागलेला नव्हता.

दुसरा घाव मूत्रपिंडावर बसतो. आतड्यातल्या जंतूंच्या विषाला पित्तक्षार आवर घालतात. ते पोचले नाहीत, की हे विष रक्तात जाते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. उलट्या, ताप आणि उपासमार यांमुळे शरीरातले पाणी कमी होते. रक्तात साठलेले पित्त मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांना इजा करते. अडथळा लवकर दूर झाला तर मूत्रपिंड बहुधा सावरते. दिवस वाढत गेले तर धोकाही वाढतो, काहींना डायलिसिसची वेळ येते.

आज बहुतेक वेळा पोट न फाडता, तोंडावाटे दुर्बीण घालून असा खडा काढता येतो. अट एकच, रुग्ण वेळेत यायला हवा. कोकणात कावीळ म्हटली की आधी झाडपाल्याचे औषध देणाऱ्याचे गाव विचारले जाते. पण शौचाचा रंग पांढुरका, लघवी गडद, अंगाला खाज, थंडीताप किंवा लघवी कमी, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोनोग्राफी आणि रक्तातील बिलिरुबिन व क्रिएटिनिन यांच्या तपासण्यांतून अडथळा आहे का आणि मूत्रपिंडावर ताण आला आहे का, हे कळते.