हिस्लॉपसाहेबांचीं अठरा वर्षें

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आमच्या तरुण वाचकांची दृष्टि सहजच रणांगणें, राज्याभिषेक व मोठमोठ्या सभा ह्यांजकडे वळते. ज्या आयुष्यांत असें कांहींच घडलें नाहीं, एका ठिकाणीं राहून रोज तेंच काम थोडें थोडें पुढें नेणें एवढाच ज्याचा वृत्तांत, तें आयुष्य सांगावयास कठीण आणि ऐकावयास नीरस वाटतें. तरीहि ह्या अंकासाठीं आम्हीं अशाच एका पुरुषाचें चरित्र निवडिलें आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांचें नांव नागपुरच्या कॉलेजामुळें सर्वतोमुखीं आहे. परंतु त्यांच्या परिश्रमांचा एक मोठा भाग आपल्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या अरण्यमय जिल्ह्यांशीं निगडित आहे, हें आम्हांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल.

हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडांतील डन्झ ह्या लहानशा गांवीं झाला. लहानपणीं आपल्या भावाबरोबर रानोमाळ हिंडून किडे, झाडपाला व दगड गोळा करण्याचा त्यांस छंद होता. एडिंबरो व ग्लासगो येथें त्यांचें शिक्षण झालें. १८४३ सालीं स्कॉटलंडच्या धर्मसंस्थेंत फूट पडून फ्री चर्च निराळें झालें, तेव्हां ते त्या पक्षास मिळाले. पुढच्याच वर्षीं विवाह करून ते हिंदुस्थानास निघाले व डिसेंबर १८४४ मध्यें मुंबईस उतरले. कामठीच्या छावणींतील कॅप्टन विल्यम हिल ह्यांनीं नागपूर प्रांतांत मिशनचें काम सुरू व्हावें म्हणून आपल्या पदरची मोठी रक्कम दिली होती. तिच्या आधारावर १८४५ च्या आरंभीं हिस्लॉप नागपुरास आले. त्या वेळीं नागपूर हें तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या राजधानीचें शहर होतें, आणि चांदाहि त्यांच्याच राज्यांत मोडत होता. आगगाडी नागपुरास पोहोंचली ती १८६७ सालीं, म्हणजे हिस्लॉप निवर्तल्यावर चार वर्षांनीं. ह्यावरून तेव्हांच्या दळणवळणाची कल्पना वाचकांनींच करावी.

त्यांनीं प्रथम मराठी भाषा शिकून घेतली, आणि १८४६ सालीं शाळा काढिली. शाळेचे आरंभींचे दिवस सुखाचे नव्हते. एका ब्राह्मण विद्यार्थ्यानें ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखवितांच दरबारानें त्यास अटकेंत ठेविलें आणि गांवांत मोठी खळबळ उडाली. आपल्या मुलाचा धर्म, कुळाचार व लग्नसंबंध ह्यांविषयीं आईबापांना वाटलेली भीति आम्हांस मुळींच अनाकलनीय वाटत नाहीं. तीहि प्रेमांतूनच आलेली होती. परंतु शिक्षकाच्या बाजूनें पाहिलें असतां, जी इमारत आपण वीट वीट रचीत आहों ती एका दिवसांत डळमळतांना पाहणें किती जड गेलें असेल! अशा समयीं कांहीं लोक त्वेषानें भांडतात, कांहीं निराश होऊन गांव सोडतात. हिस्लॉप ह्यांनीं शाळा चालू ठेविली. ह्याहून अधिक नाट्यमय असें कांहीं सांगतां आलें असतें तर लेख रंगला असता, पण खरी गोष्ट एवढीच आहे.

१८४७ त रॉबर्ट हंटर नांवाचे तरुण मिशनरी त्यांस सहकारी मिळाले. दोघांनाहि सृष्टिविज्ञानाची गोडी. १८५१ च्या जून महिन्यांत नागपूरजवळील टाकळी येथें त्यांस काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्यें दबलेल्या मातीच्या एका पातळ पट्ट्यांत गोड्या पाण्यांतील शंखशिंपले दगडरूप झालेले आढळले. विदर्भाचा बराच भाग व पश्चिमेकडील बहुतेक महाराष्ट्र ज्या काळ्या फत्तरावर वसला आहे, तो ज्वालामुखीच्या रसाचा थिजलेला प्रवाह आहे. त्या प्रवाहांच्या मध्यंतरीं शिंपले सांपडतात ह्याचा अर्थ असा कीं, एक प्रवाह थंड झाल्यावर त्यावर तळीं साचलीं, त्यांत गोगलगाई वाढल्या, कांठीं झाडें उगवलीं, आणि मग दुसरा प्रवाह येऊन तें सर्व झांकून गेला. एका शिंपल्यावरून एवढें ओळखतां येतें. परंतु जगास पटवून देण्यास एक शिंपला पुरत नाहीं. म्हणून शाळेचें व उपदेशाचें काम संभाळून उरलेल्या वेळांत दगड फोडणें, बारीक फळें, बिया व कीटकांचीं पंखावरणें वेगळीं करणें, त्यांस खुणा लावणें आणि तीं पेट्यांत भरून इंग्लंडास पाठविणें, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम झाला. बैलगाडीनें मुंबई, तेथून गलबत, आणि मग उत्तराची वाट पाहत अनेक महिने!

नागपूर प्रदेशाच्या भूस्तरांविषयींचा दोघांचा मोठा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळाच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास प्रकृति ढासळून हंटर स्वदेशीं परत गेले. (पुढें त्यांनीं इंग्रजी भाषेचा एक प्रचंड कोश रचिला, चिकाटी हा गुण संगतीनें लागतो कीं काय, न कळे.) हिस्लॉप मागें एकटे राहिले, पण पेट्या जातच राहिल्या. ज्या विषयांत जो तज्ज्ञ, त्याच्याकडे ते आपला ठेवा बिनदिक्कत सोंपवीत. पुरातन वनस्पति चार्ल्स बनबरी ह्यांजकडे, कीटक अँड्र्यू मरे ह्यांजकडे, हाडें रिचर्ड ओवेन ह्यांजकडे. विरापा ह्या आपल्या देशी सहकाऱ्याचें नांवहि त्यांनीं एका शिंपल्याच्या जातीस दिलें. सारें श्रेय आपल्याच पदरीं पडावें असा हव्यास त्यांस नव्हता, हें ह्यावरून दिसतें. आणि आमच्या मतें पुढारीपणाची ही एक खरी कसोटी आहे.

आतां आपल्या जिल्ह्यांकडे वळूं. नागपूरच्या दक्षिणेस सुमारें साठ मैलांवर, चंद्रपूर जिल्ह्यांत, मांगली नांवाचें गांव आहे. तेथील तांबड्या वालुकापाषाणांतून एक चपटें, रुंद मस्तक निघालें. हिस्लॉप व हंटर ह्यांच्या संग्रहांतून तें ओवेन ह्यांच्यापुढें गेलें, आणि त्यांनीं १८५५ सालीं त्यास ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असें नांव दिलें. बेडकाच्या दूरच्या नात्यांतील हा उभयचर प्राणी वीस कोटि वर्षांहून पूर्वीं येथील पाण्यांत पोहत होता. वरोऱ्याच्या उत्तरेस पिसदुरा येथील प्रचंड हाडांकडेहि लक्ष वेधणाऱ्यांत हिस्लॉप हे आरंभीचे होत. सिरोंचाच्या बाजूस प्राणहितेच्या कांठीं कोटा येथें माशांचे ठसे सांपडतात, तर पलीकडच्या तीरावरील मालेडी येथें सरड्यासारख्या प्राण्यांचीं हाडें व फुप्फुसमत्स्याचे दांत. त्यांचाहि त्यांनीं नेटानें पाठपुरावा केला. मालेडीविषयींचीं त्यांचीं पत्रें लंडनच्या त्रैमासिकांत छापून आलीं तीं १८६४ त, त्यांच्या मरणानंतर.

त्यांचीं सर्वच अनुमानें बरोबर होतीं असें नव्हे. काळ्या पाषाणांमधील शिंपल्यांचें वय त्यांनीं जितकें मानिलें त्याहून तीं अधिक जुनीं निघालीं. आज तो काळ सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा, अजस्र सरटांच्या अखेरच्या दिवसांचा समजतात. परंतु त्यांनीं दगड जपून ठेविले, स्थळांची नोंद नीट केली, म्हणूनच पुढच्यांस ती चूक दुरुस्त करतां आली.

दगडांइतकीच, किंबहुना अधिक, त्यांची आस्था येथील माणसांवर होती. आपल्या अरण्यांत राहणाऱ्या गोंड, माडिया, कोलाम आदि लोकांविषयीं तेव्हां शहरांतल्या सुशिक्षितांस फारशी माहिती नव्हती, आणि जी होती ती बहुधा तिरस्काराची. हिस्लॉप ह्यांनीं त्यांच्या जाती, चालीरीती व देवदैवतें ह्यांचीं टिपणें केलीं, बोलींतील शब्दांच्या याद्या केल्या, आणि प्रधान लोक जें लिंगोचें गीत गातात तें मूळ गोंडींत उतरून घेतलें. ज्या भाषेस लिहिलेला ग्रंथ नाहीं, तींतील दीर्घ गीत गाणाऱ्याच्या तोंडून शब्दशः लिहून घेणें ही काय मेहनत आहे, हें ज्यानें तसा प्रयत्न केला असेल त्यासच कळेल. गाणारा गाण्याच्या ओघांत असतो. त्यास थांबवावें तर ओळ तुटते, न थांबवावें तर शब्द निसटतो. हा सर्व संग्रह नीट लावून एक ग्रंथ करावा असा त्यांचा मानस होता.

तो ग्रंथ त्यांच्या हातून झाला नाहीं. १८६१ त मध्यप्रांत निर्माण झाला होता, आणि सर रिचर्ड टेंपल तेथील मुख्य अधिकारी होते. १८६३ च्या पावसाळ्यांत नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहण्यास टेंपल ह्यांच्याबरोबर हिस्लॉप गेले. तेथें वर्तुळें खणून पाहिलीं. दिवस ४ सप्टेंबरचा. टेंपल बोरीच्या मुक्कामाकडे पुढें निघून गेले. हिस्लॉप मागें राहिले व सायंकाळीं एकटेच घोड्यावरून निघाले. वाटेंत एक ओढा आहे. सकाळीं सहज ओलांडलेला तो ओढा पावसानें फुगला होता. मुक्कामावर घोडा आला, स्वार आला नाहीं. शोध करतां त्यांचें शव पाण्यांत मिळालें. शेचाळीस वर्षें पुरीं होण्यास चार दिवस कमी होते.

अठरा वर्षांचा हिशेब त्या दिवशीं कोणीं मांडला असता तर तो थोडकाच भरला असता: एक शाळा, लहानसा ख्रिस्ती समाज, कांहीं निबंध, कागदांचा एक अपुरा गठ्ठा. टेंपल ह्यांनीं तो गठ्ठा वाचून संपादिला आणि १८६६ सालीं नागपुरास छापून प्रसिद्ध केला. गोंडी भाषेच्या व गोंडांच्या धर्मकथांच्या अभ्यासकांस आजहि त्या पुस्तकापाशीं यावें लागतें. १८७१ त जेम्स फॉर्साइथ ह्यांनीं लिंगोच्या गीतास इंग्रजी पद्याचा पेहराव चढविला. तो सुबक असेल, परंतु आम्हांस हिस्लॉप ह्यांचीं साधीं टिपणेंच अधिक मोलाचीं वाटतात. नागपूरच्या मिशनच्या शिक्षणकार्यांतून १८८३ सालीं कॉलेज उभें राहिलें व त्यास त्यांचें नांव मिळालें. ज्या प्राचीन वनस्पतींचे ठसे त्यांनीं जमविले, त्यांच्याच भाऊबंदांच्या आधारें आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका ह्या भूखंडांचा हिंदुस्थानाशीं असलेला जुना संबंध उलगडत गेला, आणि त्या एकत्र खंडास शास्त्रज्ञांनीं जें नांव दिलें तें गोंडवन, म्हणजे आपल्याच रानांतील लोकांवरून आलेलें.

प्राणहितेच्या खोऱ्यांत सिरोंचाजवळ पोचमपल्ली येथें १९६० च्या सुमारास एका महाकाय सरटाचीं हाडें निघालीं; रवींद्रनाथांच्या नांवावरून १९७५ त त्यास बारापासॉरस टागोराय असें नांव मिळालें, व त्याचा सांगाडा कलकत्त्यास उभा आहे. आणि पिसदुऱ्याच्या शेतांत सरटांची जी शेणी दगड होऊन पडली आहे, तींत गवताचे सूक्ष्म गारकण आहेत असें २००५ सालीं सिद्ध झालें. तोंपर्यंत त्या युगांत गवत होतें असें फारसें कोणी मानीत नसे. मांगलीचें मस्तक लंडनच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. पिसदुरा मात्र वरोऱ्याहून थोड्याच मैलांवर आहे, आणि नांगरटीनंतर तेथें अजूनहि हाडांचे तुकडे वर येतात.