गीता ६:५ : विनोबांचा स्वतःशी हिशेब



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला पाचवा. माणसानं स्वतःला स्वतःच वर काढायचं, खाली लोटायचं नाही. आपला मित्र आपणच आणि वैरीही आपणच, असा त्याचा भाव. तुमच्यापैकी काही जण भजनी मंडळ चालवतात, काही आपल्या कोराडीच्या वीज केंद्रात शिफ्ट सांभाळतात, काहींकडे नवरात्रात देवीच्या रांगेची व्यवस्था असते. चार माणसं आपल्या शब्दावर हलू लागली की हा श्लोक जास्त टोचतो. तेव्हा आपलं चुकलेलं दाखवायला सहसा कोणी पुढे येत नाही ना!

मला इथे विनोबा आठवतात. पवनार काही लांब नाही; नागपूर ओलांडून वर्धा रोड धरला की सेलूच्या पुढे, धाम नदीकाठी.

जन्म १८९५चा, कोकणातल्या गागोद्याचा. तरुणपणी एक ओढ हिमालयाची आणि दुसरी बंगालच्या क्रांतीची. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात आले आणि पुढच्या वर्षी रजा घेऊन वाईला वेदान्त शिकायला गेले. वर्ष संपत आलं तेव्हा त्यांनी गांधीजींना पत्र लिहून सगळा हिशेब मांडला. काय शिकलो, सहा जणांना गीता कशी शिकवली, किती दळलं, किती सूर्यनमस्कार घातले, ४०० मैल कसे चाललो, मीठ-मसाला सोडला का, आश्रमाची व्रतं कितपत पाळली. वय अवघं बावीस. वाण्याच्या वहीसारखी ही नोंद, पण बरं का, वही स्वतःच्याच मनाची.

पुढे १९२१ला वर्ध्याचा आश्रम, मग ‘गीताई’, १९३२ला धुळ्याच्या तुरुंगातली गीता-प्रवचनं. ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आपल्याला मिळाली.

१९३८ मध्ये प्रकृती ढासळली. वजन ८८ पौंड. हवापालटासाठी डोंगरावर न जाता त्यांनी पवनार निवडलं आणि धामचा पूल ओलांडताना आजवरच्या सगळ्या कामांचा मनोमन संन्यास केला. संस्था, चर्चा, काळज्या, सगळं त्या पुलावर उतरवलं. पुढाऱ्याला हे किती जड जातं! आपल्याशिवाय गाडा अडेल असंच वाटत असतं. मग शेतात खोदकाम सुरू झालं, प्रकृती हळूहळू सावरली. खोदताना राम-भरत भेटीची एक जुनी मूर्ती सापडली. धुळ्याच्या बाराव्या प्रवचनात ते भरताबद्दल बोललेच होते. राज्य मिळूनही सिंहासनावर न बसलेला, पादुका ठेवून कारभार पाहणारा भरत. ती मूर्ती आजही पवनारला आहे.

पण खरी परीक्षा १९५१ची. तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडत होतं. विनोबा पवनारहून पायी निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी सरकारचा अर्ज बाजूला ठेवून गावालाच विचारलं आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली.

त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. दुसरा एखादा खुशीत झोपला असता. त्यांनी आकडा मांडला : देशातल्या भूमिहीनांसाठी ५ कोटी एकर लागतील. एवढं मागायचं? मनात भीती आली, ती त्यांनी लपवली नाही. त्या भीतीशी रात्रभर बोलणं झालं, देवाशीही झालं. सकाळी पुढच्या गावात जाऊन त्यांनी जमीन मागितली. मग तेरा वर्षांहून अधिक काळ पायी फिरून मागत राहिले.

मिळाली ४० लाख एकरांहून जास्त. त्यात खडकाळ, तंट्यातली बरीच होती आणि वाटपही पुरतं झालं नाही. हे झाकून विनोबांचं चरित्र सांगण्यात अर्थ नाही. आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवरही मोठी टीका झाली. मलाही ती पटत नाही. तरी पोचमपल्लीची ती रात्र माझ्या मनातून जात नाही. मी हा श्लोक वाचतो तो त्या रात्रीसकट.

१९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनारलाच राहिले. १५ नोव्हेंबर १९८२ला, अन्न आणि औषध सोडून, तिथेच देह ठेवला.

उद्या श्लोक सहावा.