युद्धास नकार देणारे सत्पुरुष : आचार्य विनोबा भावे

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संतांची चरित्रे वाचकांस वाचावयास मिळतीलच. परंतु जे आपल्या ख्रिस्तसभेचे सभासद नव्हते, तथापि ज्यांच्या आचरणात प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनाची छाया स्पष्ट दिसते, अशा एका थोर पुरुषाचा परिचय आम्ही येथे मुद्दाम करून देत आहोत. हे पुरुष आपले शेजारीच होत. नवी मुंबईहून पनवेल मागे टाकून दक्षिणेस गेले असता पेण तालुका लागतो. त्या तालुक्यातील गागोदे या लहानशा खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. त्या काळी हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. आज तोच रायगड होय. विनायकाचे विनोबा झाले ते पुढे, गांधीजींच्या आश्रमात.

त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई अत्यंत भाविक होत्या. दाराशी आलेला याचक विन्मुख जाऊ नये, असा त्यांचा परिपाठ असे. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असल्यामुळे मुलाचे शिक्षण तेथे झाले. बुद्धी कुशाग्र, गणिताची आवड विशेष. परंतु मन संसारात रमेना. १९१६ साली इंटरची परीक्षा देण्याकरिता मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि ज्ञानाच्या ओढीने काशीस गेला. तेथे गांधीजींच्या एका भाषणाचा वृत्तान्त त्याच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. त्या दिवसापासून विनोबांच्या आयुष्याची दिशा ठरून गेली.

१९२१ साली गांधीजींनी त्यांस वर्धा येथील आश्रम चालविण्यास पाठविले. तेथे त्यांनी सुमारे वीस वर्षे जे जीवन कंठिले, ते एखाद्या मठवासी संन्याशाच्या जीवनाहून फारसे निराळे नव्हते. पहाटेची प्रार्थना, सूत कातणे, दळण दळणे, साफसफाई, अध्ययन आणि अध्यापन हाच त्यांचा नित्यक्रम. मातोश्रींस गीता मराठीतून समजावी अशी इच्छा होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर पुत्राने 'गीताई' रचून पुरी केली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने केली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. १९३८ साली प्रकृती ढासळल्यामुळे ते धाम नदीच्या काठी पवनार येथे राहावयास गेले. एवढे होऊनही सामान्य जनतेस त्यांचे नाव फारसे ठाऊक नव्हते.

अशा स्थितीत दुसरे महायुद्ध पेटले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. या देशाच्या एकाही लोकप्रतिनिधीचे मत त्यांनी विचारले नव्हते. प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. परंतु इंग्लंड संकटात सापडले असता त्याच्यावर सामुदायिक उठाव लादावा, हे गांधीजींस रुचेना. म्हणून त्यांनी निराळा मार्ग योजिला. एकेका निवडक व्यक्तीने उघडपणे युद्धाविरुद्ध बोलावे, माणसे अथवा पैसा देऊन युद्धास साहाय्य करणे अयोग्य आहे असे लोकांस सांगावे, आणि जी शिक्षा होईल ती शांतपणे भोगावी, असा तो मार्ग होता. पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनी कोणा विख्यात पुढाऱ्यास न निवडता पवनारच्या या अप्रसिद्ध आश्रमवासीयास निवडले. पंडित जवाहरलाल नेहरूंचे नाव त्यांच्या मागून होते.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनार येथे आपले पहिले युद्धविरोधी भाषण केले. नंतरचे काही दिवस ते आसपासच्या गावी बोलत राहिले. २१ ऑक्टोबर रोजी त्यांस अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्यावर त्यांनी पुन्हा तेच केले, आणि सरकारने पुन्हा त्यांस तुरुंगात धाडिले. असे एकंदर तीन वेळा घडले.

येथे सुज्ञ वाचक आम्हांस एक प्रश्न अवश्य विचारील. ते युद्ध हिटलरच्या क्रूर सत्तेविरुद्ध होते. मग त्यास विरोध करणे योग्य होते काय? प्रश्न खरोखरच कठीण आहे. संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्वायनस यांच्या काळापासून ख्रिस्तसभेने न्याय्य संरक्षणार्थ शस्त्र धरणाऱ्यास पापी ठरविलेले नाही. त्या युद्धात हिंदुस्थानच्या वीस लाखांहून अधिक माणसांनी सैन्यात सेवा केली. आपल्या ख्रिस्ती घराण्यांतील पुरुषही त्यांत होते, आणि त्यांच्या त्यागास आम्ही कमी लेखीत नाही. परंतु विनोबांची भूमिका नीट समजून घेतली पाहिजे. हिटलरचा जय व्हावा असे त्यांनी कधीही इच्छिले नाही, अथवा इंग्रजांचा द्वेष केला नाही. ज्या राष्ट्रास स्वतःचे मत देण्याचा अधिकार नाही, त्यास युद्धात ओढणे अन्याय्य होय. आणि हिंसेने हिंसेचा अंत होत नाही, ही त्यांची दृढ श्रद्धा होती. त्या श्रद्धेचे मोल त्यांनी स्वतःच्या देहाने दिले, दुसऱ्याच्या नव्हे.

त्याच सुमारास जगात इतरत्रही अशी माणसे उभी राहिली होती. अमेरिकेत डोरोथी डे या कॅथलिक बाईंनी, त्यांचा देश युद्धात उतरल्यानंतरही, आपल्या 'कॅथलिक वर्कर' पत्रातून युद्धास विरोध चालू ठेविला आणि त्यापायी अनेक वाचक गमाविले. ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरस्टेटर या कॅथलिक शेतकऱ्याने हिटलरसाठी लढण्यास नकार दिला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. २००७ साली ख्रिस्तसभेने त्यास धन्यवादित म्हणून घोषित केले. या तिघांची राष्ट्रे भिन्न, परिस्थिती भिन्न; परंतु सदसद्विवेकबुद्धीची आज्ञा राजाज्ञेहून श्रेष्ठ मानण्याचे धैर्य एकच.

केवळ नकार देऊन विनोबा थांबले नाहीत, हे त्यांच्या चरित्रातील विशेष होय. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन देऊ केली. तेथून भूदानाचा आरंभ झाला. पुढे सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी हिंडले आणि चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे त्यांनी मिळविली. त्यांपैकी पुष्कळ जमीन नापीक निघाली व पुष्कळशी वाटली गेली नाही, हेही खरे. १९५७ साली त्यांनी दंगली शमविण्याकरिता शांतिसेना उभारली. १९६० साली चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेविली. नव्या कराराचा आदरपूर्वक अभ्यास करून त्यांनी 'ख्रिस्तधर्म-सार' नावाचे संकलनही सिद्ध केले.

थोरांच्या चरित्रात उणिवा झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १९७५ साली देशात आणीबाणी आली, तेव्हा विनोबा वर्षभराच्या मौनात होते. आणीबाणीस त्यांनी अनुशासनपर्व म्हटले, आणि तुरुंगात पडलेल्या अनेक जुन्या सहकाऱ्यांच्या मनास त्यामुळे तीव्र वेदना झाल्या. १९८२ साली हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले, आणि १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथे देह ठेविला. या शेवटच्या निर्णयात आपल्या धर्माची शिकवण निराळी आहे. जीवन हे परमेश्वराचे दान असून ते परत मागण्याचा अधिकार त्याचाच होय. दुसऱ्या वर्षी राष्ट्राने त्यांस मरणोत्तर भारतरत्न हा किताब अर्पण केला.

प्रिय धर्मग्रामस्थहो, १९४० साली विनोबांस जे धैर्य लाभले ते एका दिवसात आलेले नव्हते. वीस वर्षांची प्रार्थना, श्रम आणि अप्रसिद्धी यांतून ते उपजले होते. आपल्या घरी, गृहनिर्माण संस्थेत, कार्यालयात अथवा निवडणुकीच्या गर्दीत चौघे जण अन्यायास होकार देत असता आपणांवरही एकट्याने नाही म्हणण्याची वेळ येते, आणि द्वेष न करता ते म्हणणे फार कठीण असते. त्याची तयारी आजच्या प्रार्थनेत व आजच्या सेवेत व्हावयास हवी. शांतीचा राजा जो प्रभू येशू ख्रिस्त, तो आपल्या धर्मग्रामातील लहानथोरांस हे बळ देवो, आणि आजही युद्धाने होरपळणाऱ्या सर्व राष्ट्रांस शांती देवो, हीच आमची या महोत्सवप्रसंगी नम्र प्रार्थना.