काटा रुतला आणि पेशी धावल्या

पायात काटा मोडला की जागा लाल होते, सुजते, कधी पू धरतो. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ डॉक्टर मानत, की पुवातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवतात. हा समज खोडून काढला तो एका प्राणिशास्त्रज्ञाने. त्यांचे नाव इल्या मेचनिकॉव.

त्यांचा जन्म १८४५चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकीवजवळचा. पहिली पत्नी १८७३ मध्ये क्षयाने गेली. त्या दुःखात त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, पण ते वाचले. १८८२ मध्ये ओडेसा विद्यापीठातली नोकरी सोडून ते सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात राहायला गेले.

तिथे एकदा घरची मंडळी सर्कशीला गेली होती. मेचनिकॉव सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळीतल्या फिरत्या पेशी पाहत बसले होते. या पेशी शरीराचे रक्षण तर करत नसतील? त्यांनी बागेतले काटे आणून अळ्यांमध्ये खुपसले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा! अळीला रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे पेशी आपणहून तिथे आल्या होत्या. या पेशींना पुढे भक्षक पेशी म्हटले गेले.

१८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. पण वाद पेटलाच. १८९० मध्ये बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वाताच्या विषावरचा उतारा रक्तद्रवात असल्याचे दाखवले. मग पेशींचे काम काय, असा विरोधकांचा सवाल होता. मेचनिकॉव वर्षानुवर्षे प्रयोगांनी उत्तर देत राहिले. १९०३ मध्ये लंडनच्या राइट यांनी दाखवले, की रक्तद्रवातले घटक जंतूंना चिकटले की पेशी त्यांना सहज गिळतात. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. १९०८चे नोबेल मेचनिकॉव आणि रक्तद्रवाच्या बाजूचे एर्लिक यांना विभागून मिळाले.

काटा कुठे रुतला, हे पेशींना कळते कसे? दुखावलेल्या जागेतून रासायनिक निरोप सुटतात. सायटोकाइन हे त्यांतले एक मोठे कुटुंब. या निरोपांमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पेशींना वाट मिळते. निरोप मेंदूपर्यंत गेला तर ताप येतो. हेच निरोप बेसुमार सुटले, तर मात्र शरीराचेच नुकसान होते.

मेचनिकॉव १९१६ मध्ये पॅरिसमध्ये वारले. त्यांचा ओडेसातला विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. त्यानेच मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्याचेच नाव आहे.