सेना महाराजांची धोकटी

श्रावण वद्य द्वादशीला श्रीसंत सेना महाराजांची पुण्यतिथी येते. दांडीच्या भाविक मंडळींपुढे उभे राहिलो की आम्ही त्या सुमारास हेच आख्यान लावतो. (मिठाच्या सत्याग्रहाची दांडी ती गुजरातेतली. ही आमची पालघरची, बोईसर-तारापूरकडची.)

महाराज जातीने न्हावी, राजाच्या पदरी चाकरीला. त्यांचे स्थान बांधवगड मानतात. ते आज मध्यप्रदेशात उमरिया जिल्ह्यात येते. काळाबद्दल विद्वानांचे एकमत नाही. उत्तरेकडे त्यांना स्वामी रामानंदांचे शिष्य म्हणतात. आपल्याकडे त्यांच्या नावाचे मराठी अभंग आहेत आणि त्यांत पंढरी-आळंदी भरून राहिली आहे. कुणी दोन सेना झाले असेही मानतात. वाद विद्वानांनी घालावा. आपण कथेकडे वळू.

महिपतीबुवांनी भक्तविजय शके १६८४ मध्ये, म्हणजे इ. स. १७६२ साली पुरा केला. त्यात ही कथा आहे. महाराज पूजेला बसलेले, आणि राजाचा जासूद दारात. बायकोने सांगितले, घरी नाहीत. शेजाऱ्याने चहाडी केली की घरातच आहे, देव पुजतो आहे. राजा संतापला. मोट बांधून नदीत टाका, असा हुकूम सुटला. तेव्हा पांडुरंगाने सेनाचे रूप घेतले, धोकटी काखेला मारली आणि दरबारी गेला. हजामत झाली, सुगंधी तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज मूर्ती दिसली. राजाने ओंजळभर होन दिले, ते देवाने धोकटीत घातले आणि धोकटी घरी खुंटीला अडकवून तो गुप्त झाला. पुढे खरे सेना आले. वाटीत पाहतो तो मूर्ती नाही! धोकटी उघडली तर होन. महाराजांना सगळे उमगले, डोळ्यांना पाणी आले. उत्तरेकडे हीच कथा जराशी निराळी सांगतात: राजवाड्याच्या वाटेवर साधू भेटले, त्यांची सेवा करण्यास महाराज घरी परतले आणि चाकरी देवाने केली.

कीर्तनात वाटीतल्या मूर्तीवर सारे डोलतात. धोकटीकडे फारसे कुणी पाहत नाही. देवाने वस्तरा हाती घेतला, तो केवढ्या विद्येचा, हे आम्हाला कळले ते साठीनंतर. गावच्या एका वृद्ध न्हावीबाबांकडे जुना वस्तरा होता. खाऱ्या वाऱ्याने गंजलेला. तो नीट करायला त्यांनी आमच्याच हाती दिला.

आधी पाहायचे, गंज धारेत उतरला आहे का. तिथे खड्डे पडले असतील तर नाद सोडायचा. गंज वरवर असेल तर तेल लावून मुरू द्यायचे, मग पाते फळीवर सपाट ठेवून बारीक पॉलिश कागदाने हळूहळू घासायचे, बोटे धारेपासून लांब. फिरत्या चाकावर धरायचे नाही. पातळ धार तापते आणि पोलादाचे पाणी उतरते. नंतर दगड, पाण्याने ओला. पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकलेली हवीत, म्हणजे कोन आपोआप राखला जातो. दगडावर धार पुढे करून न्यायचे, आणि उलटवायचे ते पाठीवरून. आधी जाड दगड, मग बारीक. शेवटी चामड्याचा पट्टा. तिथे उलट, पाठ पुढे आणि धार मागे. जोर कुठेच नाही. नवख्याचा हात दाबायला जातो, आणि बाबा नुसते मनगटाला बोट लावत. काम झाले की कोरडे पुसून तेलाचा हात, नाहीतर दांडीची हवा पुन्हा खाऊन टाकते.

एवढे हात फिरल्यावर महाराजांचा तो हजामतीचा अभंग आम्ही नव्याने वाचला. विवेकाचा आरसा, वैराग्याचा चिमटा, शांतीचे पाणी, कामक्रोधाची नखे! ही रूपके धंद्यात मुरलेल्याचीच. शेवटी चारी वर्णांना हात दिल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात गावगाड्यातल्या न्हाव्याला तशी मोकळीक नव्हती. अस्पृश्य म्हटलेल्यांची हजामत त्याने करायची नाही, आणि विधवेचे केशवपन मात्र करायचे, अशी रूढी. महाराजांची पुण्यतिथी करणाऱ्या आम्हा मंडळींनीही ती फारशी मोडली नाही, हे बोलायलाच हवे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. वस्तरा कुठे लावू नये, हे ठरवण्याचा मान त्यांचाच. आमच्या मते त्या सभेचे आख्यानही द्वादशीला लावावे.

महाराजांचा मान दूरवर पसरला. शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवरायांच्या पदांबरोबर सेना महाराजांचे एक पद धनासरी रागात घेतले. तिकडे त्यांना भगत सैण म्हणतात.